पाटीवरचं नाव सापडलं, आता माणूस कुठे शोधायचा?

मागच्या अंकात पंचवटीतल्या जुन्या वाड्यांचे कागद कसे काढायचे ते लिहिलं होतं, त्यामुळे यावेळी टपालात सगळे वाड्यांचेच प्रश्न येणार हे धरूनच चाललो होतो. आलेत पण, भरपूर आलेत, ते पुढच्या वेळी. मध्येच तीन पत्रं अशी निघाली की तिन्ही बाजूला काढून ठेवली. एक शरणपूरचं, एक देवळाली कॅम्पचं, एक शाळेतल्या बाईंचं. कुणाचा कुणाशी संबंध नाही, पण तिन्हीत पाद्री आहे, त्याचं घर किंवा त्याची शाळा आहे, आणि मेलेल्या माणसाचं कोरलेलं नाव आहे. पहिल्याचं उत्तर लांबलंय, समजून घ्या.

प्रश्न : नमस्कार काका. मी गंगापूर रोडला राहते, माहेर शरणपूर रोडचं. माझ्या आजीचे आजोबा पाळक होते, घरात सगळे त्यांना रेव्हरंड आबा म्हणायचे. त्यांचा मधला मुलगा, म्हणजे आजीचा काका, पहिल्या महायुद्धात बसऱ्याला गेला तो आलाच नाही. आजी सांगायची की कूटच्या वेढ्यात उपाशी राहिला आणि तुर्कांच्या कैदेत गेला. घरी एक मोठं पितळी नाणं होतं म्हणे, बशीएवढं, त्यावर बाई आणि सिंह. ते मामाने जुनी भांडी मोडीत काढताना भंगारात दिलं. एका चर्चमध्ये मला पाटी सापडली, पण तिच्यावर नुसती इंग्रजी आद्याक्षरं, आडनाव, मेसोपोटेमिया १९१७ आणि खाली 'मंडळीकडून' एवढंच आहे. दुसरीकडे जुनी रजिस्टरं बघायला मागितली तर तिथल्या गृहस्थांनी तासभर बसवून ठेवलं आणि मग सांगितलं की वाळवीने खाल्ली. ऑनलाइन आडनाव टाकलं तर शंभर माणसं येतात, त्यातला आमचा कोणता? हातात फक्त एक पोस्टकार्ड आहे, बसऱ्याहून डिसेंबर १९१६ ला टाकलेलं, 'मी खुशाल आहे, आईला सांगा' असं मराठीत. पुढे काय करू?

उत्तर : ताई, पोस्टकार्डाचं तुम्ही अगदी शेवटी लिहिलंय, जाता जाता लिहावं तसं, आणि तुमच्याकडचा सगळ्यात दमदार पुरावा तोच आहे. कूट म्हणजे आताच्या इराकमधलं, तेव्हाच्या मेसोपोटेमियातलं गाव. तिथे इंग्रजांच्या फौजेला ७ डिसेंबर १९१५ ला तुर्कांचा वेढा पडला आणि २९ एप्रिल १९१६ ला त्यांचा जनरल टाउनशेंड शरण गेला. साधारण १३ हजार माणसं कैदेत गेली, आपल्या १०३ आणि ११० नंबरच्या मराठा पलटणी त्यात होत्या, त्यामुळे 'बसऱ्याला गेला नि कूटला उपाशी मेला' ही गोष्ट आपल्याकडे कितीतरी घरांत ऐकायला मिळते. पण एप्रिलमध्ये तुर्कांच्या हाती लागलेला माणूस डिसेंबरमध्ये बसऱ्याहून खुशालीचं कार्ड कसं टाकणार? बसरा तर नोव्हेंबर १९१४ पासून इंग्रजांकडेच होतं. शरणागतीनंतर काही आजारी कैद्यांची अदलाबदल झाली होती, तेवढी एक फट सोडली तर तुमचे चुलतआजोबा म्हणा काय म्हणा, ते कूटला नव्हतेच असं मला वाटतं. आजी खोटं बोलली असं नाही हो, घरात बातमी येते ती एवढीच की गेला, मग शेजारच्याचं कुणाचं कूटचं ऐकलेलं त्यात मिसळतं आणि पन्नास वर्षांनी ते आपलंच होऊन बसतं.

पाटीवर १९१७ आहे. त्या वर्षी ११ मार्चला बगदाद पडलं, पण तिकडे माणसं गोळीपेक्षा आजाराने जास्त सहज मरायची, कॉलरा, हगवण, उन्हाचा झटका. बगदाद घेणारा जनरल मॉड स्वतः १८ नोव्हेंबर १९१७ ला कॉलऱ्याने गेला, सेनापतीची ही गत तर बाकीच्यांचं काय सांगायचं. त्यामुळे लढाईच्याच यादीत शोधत बसू नका.

आता ते कार्ड उजेडात धरा आणि पत्त्याच्या बाजूचे शिक्के बघा. लढाईवरचं टपाल फील्ड पोस्ट ऑफिसातून यायचं, त्या प्रत्येक ऑफिसला नंबर होता, तो शिक्क्यात गोल किंवा आडवा दिसतो. जोडीला सेन्सॉरचा शिक्का असतो. पोस्टाची तिकिटं आणि जुने लिफाफे जमवणारे लोक या नंबरांवर जीव टाकतात, कुठला नंबर कुठल्या महिन्यात कुठे होता याच्या याद्या त्यांच्याकडे असतात. नाशिकमध्येही असे छंदी लोक आहेत, प्रदर्शनात गाठा. आणि पाठवणाऱ्याने स्वतःचा पत्ता म्हणून काही लिहिलंय का ते भिंगाखाली बघा, हॉस्पिटल, डेपो, रेल्वे, काहीही. कारण पाळकाचा शिकलेला मुलगा म्हणजे तो पलटणीत शिपाईच असेल हे काही खरं नाही. इंग्रजी येणाऱ्या पोरांना तिकडे कारकून म्हणून, सप्लाय अँड ट्रान्सपोर्टमध्ये, हॉस्पिटलात सब-असिस्टंट सर्जन किंवा ड्रेसर म्हणून, रेल्वेत, बोटींच्या खात्यात घ्यायचे, वायएमसीएचे लोक पण होते तिकडे. मराठा पलटणीच्या यादीत नाव नाही म्हणून माणूस खोटा ठरत नाही.

ते नाणं म्हणजे नाणं नव्हतंच. ब्रिटिश सरकारने युद्धात मेलेल्या प्रत्येकाच्या घरी पाठवलेली ती काशाची चकती, साधारण १२ सेंटिमीटर रुंद, ब्रिटानिया म्हणजे ती बाई, पुढे सिंह, आणि कडेने इंग्रजीत कोरलेलं की तो स्वातंत्र्य आणि सन्मानासाठी मेला. १३ लाखांच्या वर काढल्या, भारतीयांच्या घरीही आल्या, लोक तिला मेलेल्याचा पैसा म्हणायचे. तिच्यावर मुद्दामच हुद्दा घातलेला नव्हता, सगळे सारखे म्हणून, त्यामुळे ती भंगारात गेल्याने तुमचं भावनिक नुकसान मोठं झालं पण माहितीचं फार झालं नाही. माहिती होती तिच्यासोबत आलेल्या कागदावर, तिथे नावाबरोबर हुद्दा आणि तुकडी लिहिलेली असायची. तो कागद बऱ्याच घरांत फ्रेम करून लावला जायचा आणि नंतर त्याच फ्रेममध्ये पुढे दुसरं चित्र बसवलं जायचं. मामाकडे जुन्या फ्रेमा असतील तर मागचा पुठ्ठा काढून बघा, हसू नका, असे कागद असेच निघतात.

आता मुद्द्याचं. तुम्ही मुलाला शोधताय, मी म्हणतो बापाला शोधा. लढाईत गेलेला पोरगा सरकारी कागदात एक नंबर असतो, तोही असला तर. पाळक मात्र आयुष्यभर कागद मागे सोडत जातो, त्याची दीक्षा कधी झाली, डिकन म्हणजे पाळकाच्या खालच्या पायरीवर कधी आला, कुठल्या मंडळीवर नेमला, कुठे बदली झाली, दरवर्षी किती बाप्तिस्मे दिले, सगळ्याची कुठेतरी नोंद. आणि तुमच्या पाटीवर 'मंडळीकडून' लिहिलंय ना, तिथेच गोम आहे. पाटी मेलेल्याची वाटते पण असते लावणाऱ्यांची. घरच्यांनी लावली असती तर आईबापांची नावं आली असती. मंडळीने लावली म्हणजे रेव्हरंड आबा त्या सुमारास त्याच मंडळीचे पाळक असणार, किंवा नुकतेच तिथून बदलून गेलेले. घर शरणपूरला होतं म्हणून पाटीही शरणपूरचीच असेल असं डोक्यात धरलं तर चुकाल. आबा १९१७ ते १९२० मध्ये कुठे होते एवढं आधी पक्कं करा, मग पाटीवरची आद्याक्षरं त्यांच्याच मुलाची की दुसऱ्या कुणाची ते आपोआप सुटेल. पाटीचा फोटो काढताना खालचा कोपराही घ्या, पितळी पाट्यांवर करणाऱ्याचं नाव बारीक अक्षरात असतं कधीकधी.

आबांचे कागद कुठे? चर्च मिशनरी सोसायटी, आपले जुने लोक सीएमएस म्हणतात ती, नाशकात १८३२ पासून होती, आणि शरणपूरची ख्रिस्ती वस्ती १८५४ च्या सुमारास बसली. या सोसायटीचा जुना सगळा पत्रव्यवहार इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅम विद्यापीठाच्या कॅडबरी रिसर्च लायब्ररीत ठेवलाय, पश्चिम भारताचा वेगळा विभाग आहे. १८०४ ते १९०४ पर्यंतचे मिशनरी आणि देशी पाळक यांची एक छापील नोंदवहीही सोसायटीने काढली होती, आबांना दीक्षा १९०४ च्या आत मिळाली असेल तर त्यात त्यांची चार ओळींची का होईना नोंद मिळायला हवी. लायब्ररीला ईमेल करताना 'माझे पूर्वज पाळक होते, माहिती द्या' असं मोघम लिहू नका, वर्ष, गाव आणि नाव तीन-चार स्पेलिंगांत लिहा.

स्पेलिंगवरून आठवलं, नाशिक त्या काळच्या कागदात एन-ए-एस-एस-आय-सी-के असं सापडतं, आणि शरणपूरचं तर विचारू नका. मी स्वतः एकदा अडीच महिने एका माणसाच्या बाप्तिस्म्याच्या मागे होतो, नोंद सापडली, बापाचं नाव जुळलं, मी पेढे वाटायच्या बेतात, आणि मग लक्षात आलं की हे तिकडचं यूपीतलं सहारनपूर आहे. कारकुनाच्या हातून एक अक्षर इकडचं तिकडे की माणूस हजार किलोमीटर लांब जातो. आडनावाचंही तेच, आपल्या ख्रिस्ती घरांनी आडनावं बहुतेक तीच ठेवली पण साहेबाने कानाला जसं ऐकू आलं तसं लिहिलं, आणि मधलं बापाचं नाव कधी आडनाव म्हणून चिकटवलं.

दुसरी एक गोष्ट फार लोकांच्या लक्षात येत नाही. नाशिक हा वेगळा धर्मप्रांत झाला १९२९ साली, फिलिप लॉइड पहिले बिशप. त्याआधी आपण मुंबई धर्मप्रांतात. म्हणजे १९१७ चा मंडळीचा ठराव, पाटी लावायची परवानगी, पाळकाची बदली, हे सगळं मुंबईच्या बिशपकडे गेलेलं असणार, नाशिकच्या ऑफिसात त्याची फाइल नसली तर त्यांच्यावर चिडू नका. पुढे १९७० ला उत्तर भारताची मंडळी, म्हणजे सीएनआय झाली, त्यात आणखी एकदा कागद हलले.

वाळवीचं म्हणाल तर वाळवी खरी असते आणि कधीकधी सोयीची पण असते. पण रजिस्टर गेलं म्हणून नोंद गेली असं नाही. बाप्तिस्मे, लग्नं आणि दफनं यांच्या नकला चर्चकडून ठराविक काळाने वर पाठवायच्या असत, मुंबई इलाख्याच्या त्या नकला लंडनला ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या कागदांत एन-३ या खुणेखाली आहेत, बऱ्याचशा पैसे भरून ऑनलाइन बघता येतात. त्यात गोऱ्यांचा भरणा जास्त, आपली माणसं कमी, पण आहेत. लग्नांकडे विशेष लक्ष द्या, १८७२ च्या ख्रिस्ती विवाह कायद्यामुळे लग्नाची नोंद जास्त नीट ठेवली जायची आणि तिच्यात दोन्हीकडच्या बापांची नावं असतात. आबांच्या मुलींची लग्नं शोधा. बाप्तिस्म्याच्या नोंदीत धर्ममातापिता कोण आहेत ते उतरवून घ्या, तिथे मावश्या, आत्या, शेजारचे पाळक असे सगळे गोतावळ्यातले निघतात. पाळकाच्या घरातल्या बायका पुष्कळदा मिशन शाळेत शिकवायच्या किंवा बायबल बाई म्हणून खेड्यात फिरायच्या, मिशनच्या वार्षिक अहवालात त्यांचा उल्लेख येतो आणि ओघात घरातल्या दुःखाचाही येतो, 'यांचा मुलगा यंदा मेसोपोटेमियात वारला' असं एक वाक्य. तेच वाक्य आपल्याला हवंय.

मराठीत बघायचं तर ज्ञानोदय. १८४२ मध्ये अहमदनगरला अमेरिकन मिशनने सुरू केलेलं, पण बातम्या सगळ्याच मंडळ्यांच्या यायच्या. लग्न, दीक्षा, बदली, निधन. १९१७ ते १९१९ चे अंक जिथे मिळतील तिथे पानन् पान बघा, अनुक्रमणिकेवर विसंबू नका, निधनाच्या ओळी शेवटच्या पानावर कोंबलेल्या असतात. सार्वजनिक वाचनालयातही एक चक्कर मारा, १८४० पासूनची संस्था आहे, नाशिक जिल्ह्याचं १८८३ चं गॅझेटियर तिथे मागून शरणपूरबद्दल काय लिहिलंय ते वाचा, वस्तीचा अंदाज येईल. आणि सगळ्यात आधी घरचं पवित्र शास्त्र. पुढची-मागची कोरी पानं. जन्म-मृत्यू तिथे लिहायची पद्धत होती.

एवढं झालं की मग कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनची, म्हणजे युद्धात गेलेल्यांच्या कबरी आणि नावं सांभाळणाऱ्या संस्थेची, वेबसाइट उघडा. तिथे नुसतं आडनाव टाकू नका. ॲडव्हान्स्ड सर्चमध्ये 'जादा माहिती' अशा अर्थाचा एक रकाना आहे, त्यात घरच्यांनी कळवलेलं असतं, अमक्याचा मुलगा, तमक्या गावचा. त्यात नासिक टाका, वेगळ्यांदा 'रेव्ह' टाका. पाळकाचा मुलगा असेल तर बापाची उपाधी तिथे यायची शक्यता चांगली. तारीख ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ मधली कुठलीही चालते त्यांना, म्हणजे १९२० ला आजाराने गेलेलाही त्यात असू शकतो. नाव बसरा मेमोरियलवर निघालं तर एक गोष्ट मनाला लावून घेऊ नका, त्या स्मारकावर ४० हजारांच्या वर माणसं आहेत पण आपल्या साध्या शिपायांची नावं दगडावर कोरलेलीच नाहीत, गोरे सगळे आणि हिंदी अधिकारी नावाने, बाकीचे हिंदी पलटणीखाली नुसत्या आकड्यात. नावं वहीत ठेवली. कमिशनने नेमलेल्या समितीनेच २०२१ मध्ये हा भेद झाला म्हणून लिहून दिलं. तर मंडळीने नाशकात लावलेली ती छोटी पाटी ही कदाचित त्याचं नाव कोरलेली जगातली एकच जागा असेल, त्यामुळे तिला ब्रासो लावून घासायला कुणी निघालं तर आडवे पडा, दहा वर्षांत अक्षरं जातात.

लाहोरच्या म्युझियममध्ये सापडलेल्या रजिस्टरांबद्दल कुणी सांगेल, तीन लाखांवर नावं आहेत वगैरे. ती पंजाबची आहेत. वेळ घालवू नका.

प्रश्न : काका, मी लॅम रोडला राहतो. इंग्लंडमधल्या एका बाईंचा ईमेल आला, ओळखीतून. त्यांचे पणजोबा तिकडे एका खेड्यात व्हिकर, म्हणजे गावच्या चर्चचे पाद्री होते, त्यांचा मुलगा फौजेत ऑफिसर, १९१८ मध्ये देवळालीत वारला. गावच्या चर्चमध्ये भिंतीवर त्याची पाटी आहे, 'देवळाली येथे मृत्यू' असं लिहिलेली. बाईंना कबरीचा फोटो हवाय. मी दोनदा जुन्या दफनभूमीत जाऊन आलो, गवत काढलं, काही मिळालं नाही. त्यांना काय सांगू, वाईट वाटतं.

उत्तर : भाऊ, वाईट वाटून घेऊ नका, तुम्ही बरोबर ठिकाणी गेलात पण फोटो काढायची जागा खडकीला आहे. पहिल्या महायुद्धात भारतात ठिकठिकाणच्या कॅन्टोनमेंटच्या दफनभूमीत जे पुरले गेले त्यांच्या कबरी कायम सांभाळणं शक्य नाही असं ठरल्यावर त्यांची नावं एकत्र कोरली, आपल्या भागाची पुण्याला खडकीच्या वॉर सिमेट्रीत, मुळा रोडला. खडकीला इंग्रज किर्की म्हणायचे, म्हणून त्याला किर्की १९१४-१९१८ मेमोरियल म्हणतात, १,८०० च्या वर नावं आहेत. कमिशनच्या नोंदीत त्या ऑफिसरचं नाव काढा, कुठल्या बाजूला कोरलंय तो नंबर मिळतो, मग एखाद्या रविवारी पुण्याला जाल तेव्हा काढा फोटो. आत नीट रांगेत ज्या कबरी दिसतात त्या दुसऱ्या महायुद्धाच्या, १,६६८, त्यात शोधत बसलात तर दिवस जाईल.

देवळालीत तेव्हा मोठी हॉस्पिटलं होती, ३४ वं वेल्श जनरल हॉस्पिटल इथलंच, मेसोपोटेमियातून जखमी आणि आजारी बोटीने मुंबईला आणि तिथून रेल्वेने वर यायचे. शिवाय १९१४ च्या शेवटी इंग्लंडने तीन टेरिटोरियल, म्हणजे अर्धवेळ सैनिकांच्या, डिव्हिजन भारतात पाठवल्या होत्या म्हणजे इथल्या कसलेल्या पलटणी तिकडे लढाईला नेता याव्यात, त्यामुळे गावाकडची साधी पोरं, शाळामास्तर, वकील, पाद्र्यांची मुलं इथे येऊन राहिली. आणि १९१८ म्हटलं की इन्फ्लुएंझा, आपल्याकडे ज्याला मानमोडी म्हणायचे. तो कशाने गेला ते दफनाच्या नोंदीत असतं, वर सांगितलेल्या एन-३ मध्येच, वय, हुद्दा, मरणाचं कारण, कुठे पुरला, आणि शेवटी ज्या चॅप्लेनने म्हणजे फौजेतल्या पाद्र्याने विधी केला त्याची सही. बाईंना त्या सहीचं अवश्य सांगा. बाप पाद्री, आयुष्यभर दुसऱ्यांच्या पोरांना माती दिलेला, आणि स्वतःच्या मुलाला सात समुद्रापार दुसऱ्या पाद्र्याने दिली, त्यांना ते नाव ठाऊक असलं तर बरं वाटेल.

त्यांच्या बाजूचं काम त्यांना असं सुचवा. इंग्लंडच्या चर्चचे पाद्री क्रॉकफर्डच्या निर्देशिकेत मिळतात, १८५८ पासून निघते, कोण कुठल्या गावावर किती साली होता सगळं. १९११ आणि १९२१ ची शिरगणती ऑनलाइन आहे, व्हिकरेजमध्ये कोण कोण राहत होतं ते दिसेल, भावंडं, मोलकरीण. मुलाची शाळा शोधायला सांगा, मार्लबरो १८४३ ला निघाली ती पाद्र्यांच्या मुलांना डोळ्यासमोर ठेवूनच, रॉसॉलही तशीच, आणि या शाळांनी युद्धात गेलेल्यांच्या याद्या फोटोसकट छापल्या. फौजेची फाइल लंडनमध्ये क्यूच्या नॅशनल अर्काइव्हजमध्ये, आणि ऑफिसर होता म्हणून आशा आहे, कारण साध्या सैनिकांच्या फायली सप्टेंबर १९४० च्या बॉम्बहल्ल्यात निम्म्याहून जास्त जळाल्या. गावच्या पाटीसाठी तिकडे चर्चच्या वरच्या ऑफिसची लेखी परवानगी लागायची, फॅकल्टी म्हणतात तिला, तो अर्ज कुणी केला, पैसे कुणी दिले, मजकूर आधी काय होता, हे त्या कौंटीच्या रेकॉर्ड ऑफिसात मिळू शकतं. १९१६ च्या सक्तीच्या भरतीतून पाद्र्यांना सूट होती, त्यांच्या मुलांना नव्हती, त्यामुळे अशा पाट्यांचे अर्ज वाचायला जड जातात, तेही सांगून ठेवा.

तुम्ही तिसऱ्यांदा दफनभूमीत जाणार असाल, आणि मला वाटतं जाणारच तुम्ही, तर परवानगी काढून जा, संध्याकाळी जा, आणि मोबाइलची टॉर्च दगडाला चिकटवून आडवी धरा. पुसलेली अक्षरं सावलीने उठून दिसतात. खडू, पीठ, ॲसिड, तारेचा ब्रश, काही वापरायचं नाही. फुटका तुकडा सापडला तर आहे तिथेच फोटो काढायचा, घरी आणायचा नाही, मागच्या वर्षी एकाने मला कौतुकाने स्वतःच्या बागेत लावलेला दाखवला, काय बोलणार.

प्रश्न : सर, मी शाळेत शिकवते. मुलांना परिसर अभ्यासाचा प्रोजेक्ट दिलाय. एका मुलाने लिहून आणलं की शरणपूरला पूर्वी आफ्रिकन मुलं शिकायची आणि त्यातला एक लंडनला मोठ्या माणसाच्या अंत्ययात्रेला गेला. खरं आहे का, की यूट्यूबवरचं काहीतरी?

उत्तर : खरं आहे बाई, मार्क द्या त्याला. अरबी समुद्रात गुलामांच्या बोटी पकडून सोडवलेल्या मुलांना शरणपूरला आणलं जायचं, रेव्हरंड विल्यम सॉल्टर प्राइस यांनी ते आश्रयस्थान आणि शाळा चालवली, मुलं सुतारकाम, लोहारकाम, इंग्रजी शिकायची. बाहेर त्यांना 'नॅसिक बॉइज' म्हणायचे. तुमच्या मुलाने लिहिलेला तो मोठा माणूस म्हणजे आफ्रिकेत फिरलेला प्रसिद्ध प्रवासी आणि मिशनरी डेव्हिड लिव्हिंग्स्टन, तो १८६५ मध्ये स्वतः इथे येऊन गेला आणि इथली काही मुलं मोहिमेवर घेऊन गेला. पुढे १८७४ मध्ये प्राइस यांनी आताच्या केनियात मोंबासाजवळ फ्रिअर टाउन ही सोडवलेल्या गुलामांची वस्ती वसवायला घेतली, तिकडेही इथले बरेच गेले.

तुमच्या विद्यार्थ्याने लिहिलंय तो जेकब वेनराइट, नंतरच्या तुकडीतला. १८७३ च्या मे मध्ये लिव्हिंग्स्टन आताच्या झांबियात वारला तेव्हा सोबतच्या लोकांनी त्याचं काळीज एका झाडाखाली पुरलं आणि देह दीड हजार किलोमीटरच्या वर चालत किनाऱ्यावर आणला. पुरताना प्रार्थना वाचली ती जेकबने, कारण वाचता येणारा तो होता, नाशकात शिकलेला. १८ एप्रिल १८७४ ला वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये पेटी नेणाऱ्या मानकऱ्यांत आफ्रिकन असा तो एकटा. १८९२ मध्ये तिकडेच आफ्रिकेत वारला.

मुलांना झाडाचं आवर्जून सांगा. त्या झाडाच्या खोडावर लिव्हिंग्स्टनचं नाव आणि तारीख कोरली तीही जेकबनेच, खाली सोबतच्या आणखी तिघांची नावं घातली. नंतर झाड किडायला लागलं म्हणून कोरलेला तो भाग कापून लंडनला रॉयल जिओग्राफिकल सोसायटीत नेला. जेकबने स्वतःचं नाव त्यात कोरलेलं नाही. पोरांना इंटरनेटवर शोधायला लावाल तर नाशिकचं स्पेलिंग जुनं टाकायला सांगा, दोन एस आणि शेवटी सी-के.